मे महिन्यात कऱ्हाडहून विमान उशिरा का उठतं? पायलट व्हायचंय म्हणणाऱ्या मुलाला सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा: तासगाव तालुक्यातला मुलगा, यंदा बारावी सायन्स झाला. दोन्ही डोळ्यांना दीडचा नंबर. पायलट व्हायचंय. एका संस्थेने 'सगळी फी एकदम भरा, पाच लाख सूट देतो' असं सांगितलंय आणि वडील एकरभर द्राक्षबाग गहाण टाकायला तयार आहेत. मे महिन्यात तो कऱ्हाडला विमानं बघायला गेला होता, तेव्हा भर दुपारी एक विमान उठता उठेना, ते का? वर इंजिन बंद पडलं तर काय करतात? आणि इंग्रजी कच्चं असलं तर चालतं का?

बागेचे कागद आधी कपाटात परत ठेवायला सांग. पैशाची पाळी बऱ्याच उशिरा येते. पहिली पाळी मेडिकलची. साताऱ्यात राहायला आल्यापासून माझ्याकडे असे बापलेक येतात, आणि दर दोघांतले एक आधीच कुठेतरी पैसे गुंतवून आलेले असतात. मग मेडिकलमध्ये काही निघालं की फी परत मिळवण्यासाठी हेलपाटे सुरू.

डीजीसीएची, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची वैद्यकीय तपासणी दोन टप्प्यांत होते. क्लास २ त्यांच्या यादीतल्या डॉक्टरकडे होते आणि काही हजारांत भागते. त्यानंतर क्लास १, ती नेमलेल्या केंद्रांवरच. व्यावसायिक परवाना हवा असेल तर क्लास १ लागतेच. दीडच्या नंबराची काळजी सोड. चष्मा लावून नजर ठरलेल्या पातळीवर येते ना, मग अडत नाही. फक्त उडताना दुसरा चष्मा हाताशी ठेवावा लागतो. नंबर घालवायला लेझरचं ऑपरेशन करायचा विचार असेल तर आधी विमान वैद्यक जाणणाऱ्या डॉक्टरला विचार, कारण त्यानंतर काही काळ थांबवून ठेवतात. खरी धाकधूक रंगांच्या चाचणीची. रंगीत ठिपक्यांत लपलेला आकडा वाचायचा, ती इशिहारा चाचणी. हिरवा-लाल नीट ओळखू येत नाही हे कित्येकांना अठराव्या वर्षापर्यंत ठाऊकच नसतं, कारण शाळेत किंवा रानात त्यावाचून काही अडलेलं नसतं. ही चाचणी तर सांगलीतला कुठलाही डोळ्यांचा डॉक्टर दहा मिनिटांत करून देईल. आजच करून घे. 'टेम्पररी अनफिट' असा शेरा आला तर घाबरायचं नाही. वजन, रक्तदाब, कानातला मळ, असल्या कारणांनीही तो येतो. उपचार करून परत जायचं.

हवाई दल हवं असेल तर गोष्ट वेगळी. तिथे उड्डाण शाखेला चष्म्याचे नियम कडक आहेत, आणि उड्डाणाची अभियोग्यता चाचणी जन्मात एकदाच देता येते. देशातली पहिली सैनिक शाळा १९६१ साली आपल्या साताऱ्यात निघाली, तरी आपल्याकडच्या पालकांना एनडीएतून, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून, सरकारी खर्चाने पायलट होता येतं हे बारावीनंतर कळतं, याचं मला वाईट वाटतं. तुझ्या बाबतीत चष्म्यामुळे तो रस्ता अवघड आहे, पण धाकटं कुणी असेल तर लक्षात ठेवा.

आता परीक्षा. स्टुडंट पायलट लायसन्स १६ व्या वर्षी निघतं, खासगी पायलटचं १७ व्या, व्यावसायिक म्हणजे सीपीएल १८ व्या. सीपीएलला बारावीत फिजिक्स आणि मॅथ्स लागतं, ते तुझ्याकडे आहे. लेखी पेपर हवामान, नेव्हिगेशन, नियम आणि विमानाचं तांत्रिक ज्ञान यांचे. पास व्हायला ७० टक्के. शिवाय रेडिओची परीक्षा वेगळी. हे पेपर उड्डाण सुरू व्हायच्या आधी देता येतात, आणि द्यावेतच. पुण्यात खोली घेऊन क्लास लावलास तरी खर्च उड्डाणाच्या मानाने किरकोळ. महत्त्वाचं म्हणजे सहा-आठ महिने हवामान आणि नेव्हिगेशन वाचून कंटाळा आला, तर हे आपलं काम नव्हे हे बाग गहाण न टाकता कळतं.

मग उड्डाण. सीपीएलला एकूण २०० तास, त्यातले १०० तास पायलट-इन-कमांड म्हणून, म्हणजे विमानाची जबाबदारी स्वतःवर घेऊन, त्यात ३०० नॉटिकल मैलांचा (सुमारे ५५५ किलोमीटर) एक लांब पल्ला, शिवाय थोडं रात्रीचं आणि थोडं नुसत्या उपकरणांवरचं उड्डाण. भारतात हा सगळा खर्च पन्नास लाखांच्या घरात जातो, बऱ्याच ठिकाणी त्याच्याही वर. त्यानंतर एअरबस किंवा बोइंगसारख्या विमानाचं टाइप रेटिंग, म्हणजे ते ठरावीक विमान उडवायची परवानगी, तेही लाखांतच. आणि सीपीएल हातात पडलं म्हणजे नोकरी लागली असं समजू नकोस. २०२३ साली डीजीसीएने १,६२२ सीपीएल दिली. कंपन्यांची भरती लाटांनी येते. लाट ओसरलेली असताना बाहेर पडलेली मुलं वर्ष-दोन वर्षं घरी बसलेली मी पाहिली आहेत, आणि बँकेचा हप्ता तेवढ्यासाठी थांबत नाही. वडिलांनी हिशेब करताना ही दोन रिकामी वर्षं धरूनच करावा.

आता त्या पाच लाखांच्या सवलतीबद्दल. सगळी फी एकदम मागणाऱ्याला एकदम द्यायची नाही, सूट पाचाची असो नाहीतर दहाची. जितके तास उडाले तितके पैसे, असे हप्ते लिहून घ्या. संस्था डीजीसीएच्या मान्य यादीत आहे का बघा. २०२५ पासून त्यांनी संस्थांची प्रतवारीही जाहीर करायला सुरुवात केली आहे. पण कागदापेक्षा मी सांगतो ते करा. आठवड्यातला साधा दिवस धरून, न सांगता, सकाळी सातला जाऊन उभे राहा. किती विमानं आहेत हे विचारू नका, आज किती उडतायत ते मोजा. बाहेर चहाच्या टपरीवर मुलं उभी असतात, त्यांना विचारा, 'गेल्या महिन्यात किती तास झाले?' महिन्याला पंधरा-वीस तास मिळत असतील तर संस्था बरी चालली आहे. उत्तर देताना मुलं एकमेकांकडे बघायला लागली तर समजा. तास मिळत नाहीत म्हणजे दोन वर्षांचं शिक्षण चार वर्षांवर जातं आणि खोलीभाडं, खाणावळ वाढत जाते; शिवाय मध्ये महिनाभर खंड पडला की हात बसलेला पुन्हा बसवावा लागतो आणि त्याचेही तास वाया जातात.

पैशाचं एवढं पुरे. मला तुझा मेमधला प्रश्न जास्त आवडला, कारण विमान 'उठता उठेना' हे तू नुसतं बघितलंस आणि कारण विचारलंस.

कऱ्हाडची धावपट्टी समुद्रसपाटीपासून साधारण १,९०० फुटांवर आहे. त्या उंचीला हवेचं 'प्रमाण' तापमान ११ अंशांच्या आसपास धरतात. मेच्या दुपारी तिथे असतात ४०. म्हणजे २९ अंश जास्त. प्रत्येक जादा अंशाला सुमारे १२० फूट उंची वाढली असं धरायचं, हा आमचा वैमानिकांचा ठोकताळा. २९ गुणिले १२० म्हणजे साडेतीन हजारांच्या जवळ, त्यात मुळातले १,९००. झाले ५,३०० च्या वर. याला घनतेची उंची म्हणतात. म्हणजे त्या दुपारी तू कुंपणाबाहेर कऱ्हाडात उभा होतास, पण विमानाच्या पंख्याला, इंजिनाला आणि पंखांना जी हवा मिळत होती ती महाबळेश्वरच्याही वरची होती. इंजिनाला प्राणवायू कमी, म्हणून ताकद कमी. पुढच्या पंख्याला रेटायला हवा कमी, म्हणून ओढ कमी. पंखांना उचल तेवढीच हवी, म्हणून धावायचं जास्त. वैमानिकासमोरच्या वेगाच्या काट्यावर नेहमीसारखे ५५ नॉट (ताशी सुमारे १०० किलोमीटर) दिसले की तो नाक उचलतो, पण त्या विरळ हवेत काटा ५५ दाखवतो तेव्हा विमान प्रत्यक्षात ६० च्या आसपास पळत असतं. सेस्ना १७२ सारख्या विमानाला समुद्रकाठच्या थंड सकाळी लागते त्याच्या जवळपास दीडपट धाव त्या दुपारी लागते, आणि उठल्यावरही ते रडतखडत चढतं.

यात गोम अशी की डोळ्यांना काही वेगळं दिसत नाही. ऊन लख्ख, आकाश निळं, उडायला झकास दिवस वाटतो. म्हणून विमानाच्या पुस्तिकेत उंची आणि तापमानाचे तक्ते असतात आणि प्रत्येक उड्डाणाआधी त्यात बोट घालून आकडा काढायचा असतो. काढलेला आकडा धावपट्टीच्या लांबीला टेकायला लागला तर एक तर इंधन कमी घ्यायचं, नाहीतर संध्याकाळपर्यंत थांबायचं. धाव घेण्याआधी इंधन-हवेचं मिश्रण थोडं पातळ करून घ्यावं लागतं, नाहीतर विरळ हवेत इंजिन पेट्रोलने गुदमरतं आणि आहे ती ताकदही देत नाही. विद्यार्थी हे पाठ करतात, पण तक्ता न उघडता 'काल उठलं होतं की' म्हणून निघणारे असतात. अशांना मी विमानाच्या पायरीवरूनच खाली उतरवायचो.

त्याच कारणाने आपल्याकडे शिकाऊ उड्डाणं पहाटे सुरू होतात. नऊ-दहानंतर जमीन तापते, गरम हवेचे लोट वर उठतात, शेजारच्या उसाच्या हिरव्या पट्ट्यावर हवा खाली बसते, आणि विमान वरखाली व्हायला लागतं. लोक याला 'एअर पॉकेट' म्हणतात. तिथे हवा नसते असा समज आहे. हवा असतेच, फक्त वर किंवा खाली चाललेली असते. पावसाळ्यात पश्चिमेचा वारा सह्याद्री ओलांडून खाली घसरतो, तेव्हा पाटणच्या अंगाला फार खडखडतं. चाळकेवाडी, वनकुसवड्याच्या पवनचक्क्या उगाच तिथे उभारलेल्या नाहीत. थंडीत उलटा त्रास: वारा पडलेला, कृष्णाकाठावर सकाळी धुकं, आणि उसाची तोडणी झाली की पाचट पेटवल्याचा धूर. डोळ्यांनी बघून उडायचं तर साधारण ५ किलोमीटर दिसायला हवं असतं. आगाशिवाचा डोंगर दिसत नसेल तर चहा प्यायचा.

इंजिन बंद पडलं तर? विमान दगडासारखं पडत नाही. सेस्ना १७२ इंजिनाविना एक फूट खाली येताना सुमारे नऊ फूट पुढे जाते. जमिनीपासून ३,००० फुटांवर असशील तर वारा नसताना साधारण ८ किलोमीटरची पोच आहे. पण ही पोच ठरलेल्या वेगालाच मिळते, ६५ नॉटच्या आसपास. घाबरलेला माणूस नाक वर ओढतो, लांब जाऊ म्हणून. तसं केलं की वेग मरतो, पंखांवरून हवा सुटते, आणि मग मात्र विमान खरंच पडतं. म्हणून पहिलं काम: नाक खाली, वेग धरायचा. दुसरं: शेत निवडायचं. तिसरं, वेळ उरला तर: पेट्रोलची टाकी बदलून बघ, कार्ब्युरेटरला गरम हवा दे, इंजिनाला ठिणगी पुरवणारे मॅग्नेटो बघ. रेडिओवर बोलणं सर्वांत शेवटी. खालचा कंट्रोलर तुझं विमान हातात धरणार नाही.

शेत निवडणं हे आपल्या भागात स्वतंत्र शास्त्र आहे, आणि तू द्राक्षवाल्याचा मुलगा म्हणून तुला पटकन कळेल. वरून द्राक्षबाग सपाट, हिरवीगार, एकसारखी दिसते. नवखा वैमानिक तिच्याकडेच वळेल. तुला माहीत आहे आत काय असतं: लोखंडी अँगल, दगडी खांब आणि कमरेच्या वर ताणलेल्या तारा. बाग कधीही नाही. उभा ऊस त्यातल्या त्यात बरा, पण चाकं अडकून विमान उलटायची शक्यता. ओढा, शेततळं, विहीर आडवी येतेय का बघायचं. सगळ्यांत चांगली जागा म्हणजे काढणी झालेली ज्वारी किंवा हरभऱ्याचं रान, माणदेशाच्या बाजूला अशी रानं पुष्कळ. सऱ्या असतील तर सऱ्यांच्या दिशेने उतरायचं, आडवं नाही. विजेच्या तारा वरून दिसत नाहीत, खांब दिसतात. दोन खांब दिसले की मध्ये तार आहे असं धरून चालायचं. वाऱ्याची दिशा कुणाच्या तरी बांधावरचा धूर सांगतो. म्हणून माझे विद्यार्थी सरळ जात असतानाही मी मध्येच विचारायचो, 'आत्ता बंद पडलं तर कुठे?' बोट लगेच खिडकीकडे गेलं नाही तर तो तास फुकट.

एक अपवाद ध्यानात ठेव. उठल्या उठल्या, तीनशे-चारशे फुटांवर इंजिन गेलं तर मागे धावपट्टीकडे वळायचं नाही. मोह फार होतो, कारण ती अगदी मागेच असते. पण वळण्यात उंची खर्च होते आणि तेवढी नसतेच. समोर, जरासं डावी-उजवीकडे, जे मिळेल ते.

हे सगळं सांगितल्यावर वडील घाबरतील, म्हणून हेही सांगतो की इंजिनं बंद पडण्याचं एक नेहमीचं कारण पेट्रोलशीच निगडित असतं: संपलेलं, चुकीच्या टाकीवर ठेवलेलं, किंवा पाणी शिरलेलं. त्यावरचा उपाय पहाटे जमिनीवर होतो. विमानाच्या पंखाखाली एक छोटी झडप असते. पारदर्शक कप खालून दाबला की त्यात दोन बोटं पेट्रोल येतं. आमचं पेट्रोल निळसर असतं. कप उजेडाकडे धरायचा. तळाशी बिनरंगाचे थेंब गोळा झालेले दिसले तर ते पाणी. निळं स्वच्छ येईपर्यंत काढत राहायचं. पूर्ण कप बिनरंगाचा आला तर नवखा म्हणतो 'स्वच्छ आहे.' ते सगळं पाणी असतं, किंवा भलतंच इंधन. पावसाळ्यात रात्रभर अर्ध्या टाक्या ठेवल्या की आतल्या ओलसर हवेचं पाणी होतं, म्हणून शेवटच्या उड्डाणानंतर टाक्या भरून ठेवण्याची पद्धत आहे.

उतरणं जमायला सगळ्यांत जास्त वेळ लागतो. मुलं विमानाच्या नाकासमोरची जमीन बघतात, ती अंगावर येते आणि हात झटक्याने मागे येतो. मोटारसायकलवर आपण पुढच्या चाकाकडे बघत नाही ना, तसंच. जमीन जवळ आली की नजर धावपट्टीच्या पार टोकाला न्यायची. मग विमान किती खाली बसतंय हे नजरेच्या कडेला आपोआप कळतं. हे सांगून येत नाही, एक दिवस येतं. त्याच्या आसपास इन्स्ट्रक्टर काही न बोलता दार उघडून खाली उतरतो. पहिलं सोलो, म्हणजे एकट्याने उड्डाण. तारीख आधी सांगत नाहीत, नाहीतर मूल रात्रभर झोपत नाही. उतरण्याआधी तो उजव्या सीटचा पट्टा स्वतः घट्ट बांधून ठेवतो, मोकळा पट्टा कंट्रोलमध्ये अडकू नये म्हणून. आणि एक गोष्ट सांगून ठेवतो: माझं वजन नाही, विमान लवकर उठेल, दचकू नकोस. तरी सगळे दचकतात. कुणाचं सोलो पंधरा तासांत होतं, कुणाचं पंचवीस. त्यावरून कोण चांगला पायलट होणार हे ठरत नाही. हॉस्टेलवरची मुलं मात्र त्यावरून एकमेकांना फार पिडतात.

चिठ्ठीच्या शेवटी तुझ्या बहिणीने विचारलंय, मुलींना घेतात का. घेतात म्हणजे काय! १९८५ साली इंडियन एअरलाइन्सचं कोलकाता ते सिल्चर हे फक्त महिलांनी चालवलेलं विमान कॅप्टन सौदामिनी देशमुखांच्या हाती होतं. तिची मेडिकलही तुझ्याबरोबरच करून घ्या.

राहिलं इंग्रजी. साहित्यातलं इंग्रजी नको आहे. रेडिओवरची भाषा ठरीव असते: कोण, कुठे, किती उंचीवर, काय हवं. आकडेसुद्धा ठरीव पद्धतीने म्हणतात, नाइनला 'नाइनर', थ्रीला 'ट्री', कारण खरखरीत आवाजात गोंधळ नको. धावपट्टीचं नाव म्हणजे तिची दिशा. कोल्हापूरची ०७/२५ आहे. पश्चिमेचा वारा असेल तर 'रनवे टू फाइव्ह', म्हणजे होकायंत्रावर २५० अंशांकडे तोंड करून उतरायचं. एवढी भाषा तीन महिन्यांत तोंडात बसते. आपल्या मुलांची अडचण वेगळीच असते: समजलं नाही तर विचारायची लाज वाटते. कंट्रोलरने काही सांगितलं, अर्धं कळलं, तरी मुलगा 'रॉजर', म्हणजे 'कळलं', म्हणून मोकळा होतो. तसं करायचं नाही. 'से अगेन' म्हणायचं. दोनदा म्हणावं लागलं तर दोनदा म्हणायचं, आणि जे ऐकलं ते जसंच्या तसं परत वाचून दाखवायचं. कंट्रोलरला त्याचा राग येत नाही; आला तरी तो खाली बसलेला असतो, वर तू असतोस.